विश्लेषण : बालमजुरीचे पुरावे गोळा करणारा कॅमेरा! कोण होते लुईस हाइन? त्यांच्या छायाचित्रांचा शोध आजही का सुरू आहे?

कापड गिरणीतील भल्यामोठ्या यंत्राशेजारी अनवाणी उभी असलेली लहानगी. कोळसा खाणीत काम करणारी, काळवंडलेल्या चेहऱ्यांची मुले. समाजमाध्यमांवर अधूनमधून दिसणारी अशी अनेक छायाचित्रे लुईस हाइन यांची आहेत. अमेरिकेत बालमजुरीविरोधात जनमत तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र त्यांची अखेर हलाखीत झाली आणि त्यांच्या कामाचे खरे मोल नंतरच्या संशोधकांनी समोर आणले.

कामगार ते शिक्षक

हाइन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे झाला. १८९२ मध्ये वडिलांचे अपघाती निधन झाले आणि घरची जबाबदारी अंगावर पडली. फर्निचर कारखान्यात ते आठवड्याला ४ डॉलरवर राबले. पुढे शिक्षण घेऊन १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथेच त्यांच्या हाती कॅमेरा आला. १९०४ पासून त्यांनी एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे टिपली.

गिरणीत प्रवेश कसा मिळवला?

१९०० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत १० ते १५ वयोगटातील सुमारे साडेसतरा लाख मुले काम करत होती. १९०८ मध्ये हाइन यांनी शिक्षकी सोडली आणि नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी पूर्णवेळ काम सुरू केले. मालक आत सोडत नसत. मग हाइन कधी विमा एजंट, कधी बायबल विक्रेता, तर कधी यंत्रांचे फोटो काढणारा छायाचित्रकार बनून जात. मुलांची उंची ते आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजत. नाव, वय, काम आणि ठिकाण गुपचूप टिपून ठेवत. छायाचित्रावर कुणी शंका घेऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

कायदा झाला का?

१९१६ मध्ये बालमजुरीला आळा घालणारा कीटिंग-ओवेन कायदा झाला, पण १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. टिकणारा कायदा येण्यास १९३८ साल उजाडले. तोवर हाइन यांचे दिवस फिरले होते.

अखेरची वर्षे

१९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगचे बांधकाम करणाऱ्या कामगारांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे गाजली. (तुळईवर बसून जेवणाऱ्या कामगारांचे प्रसिद्ध छायाचित्र अनेकदा त्यांच्या नावावर खपवले जाते. ते १९३२ चे, रॉकफेलर सेंटरचे आहे आणि हाइन यांचे नाही.) त्यानंतर मात्र काम आटले. ग्रामीण दारिद्र्याचे चित्रण करणाऱ्या सरकारी प्रकल्पातही त्यांना जागा मिळाली नाही. १९३९ मध्ये छायाचित्रकार बेरेनिस ॲबट आणि समीक्षक एलिझाबेथ मॅकॉसलँड यांनी पुढाकार घेऊन त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. कौतुक झाले, पण पोटापाण्याचा प्रश्न सुटला नाही. राहते घरही हातचे गेले. ३ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचा संग्रह स्वीकारला नाही. तो पुढे रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयाकडे गेला.

बनावट प्रिंटचा छडा कसा लागला?

हाइन यांच्या हयातीतील म्हणून विकल्या गेलेल्या काही महागड्या प्रिंटवर १९९० च्या दशकाअखेर संशय आला. अतिनील प्रकाशाखाली त्यांचा कागद चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातले जाणारे 'ऑप्टिकल ब्राइटनर' त्यात होते. छायाचित्रांच्या कागदात या रसायनाचा वापर १९५० च्या दशकात सुरू झाला. म्हणजे या प्रिंट हाइन यांच्या मृत्यूनंतरच्या होत्या.

त्या मुलांचे पुढे काय झाले?

बालमजुरी मोहिमेची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ती ऑनलाइन पाहता येतात. १९१० मध्ये व्हर्मोंटच्या गिरणीत टिपलेल्या १२ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र १९९८ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटावर झळकले. तिचे आडनाव मात्र चुकीचे नोंदले गेले होते. लेखिका एलिझाबेथ विन्थ्रॉप आणि संशोधक जो मॅनिंग यांनी जुन्या नोंदींमधून तिचा माग काढला. तिने वयाची नव्वदी ओलांडली होती. पण आपला चेहरा देशभर ओळखला जातो, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. मॅनिंग यांनी त्यानंतर अशा शेकडो मुलांचे वंशज शोधले. अनेकांनी आपल्या आजी-आजोबांचे ते छायाचित्र तोवर पाहिलेच नव्हते.

या शोधामुळे हाइन यांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मोहिमेसाठी ही मुले एका अन्यायाचा चेहरा होती. पण त्यांचे आयुष्य गिरणीच्या दारात संपले नव्हते. अनेकांनी संसार केले, मुलांना शिकवले. हे आज सांगता येते, कारण हाइन यांनी छायाचित्रासोबत त्यांची नावेही लिहून ठेवली होती.