पहिली सुई स्वतःला

मी जयपूरला वसतिगृहात राहतो, पण माझे आजोळ मुंबईत, परळला आहे. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांची ही गोष्ट. ते कधी रणांगणावर गेले नाहीत, तरी मला ते सेनापतीच वाटतात.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. धर्म बदलला असता तर त्यांना तिथे प्राध्यापक होता आले असते. त्यांनी तो बदलला नाही. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात काम केले. संशोधन चालूच होते. त्यांनी पटकीवर लस तयार केली. आधी कमजोर केलेले जंतू टोचायचे आणि काही दिवसांनी जास्त तीव्र जंतू. आमच्या ऑब्स्टॅकल ट्रेनिंगमध्येही आधी सोपे अडथळे असतात, मग अवघड! १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्यापासून गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि मोजकी माणसे मिळाली. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे. असे मेलेले जंतू टोचले, की शरीर खऱ्या शत्रूला ओळखायला शिकते. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत. त्यांना ताप आला, पण लस सुरक्षित ठरली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. यावरून हे संकट केवढे होते ते कळते.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मरण पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पद सोडावे लागले.

खरे कारण वेगळे होते. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला कामावर परतले, पण परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

रायफल साफ करताना तिचा कोणताही भाग जमिनीवर ठेवायचा नाही, असा आम्हाला सक्त हुकूम आहे. एका चिमट्याने १९ जीव घेतले, हे वाचल्यावर त्या हुकमाचा अर्थ मला नीट समजला. आणि उद्या मला कुणाला धोक्याचे काम सांगण्याचा अधिकार मिळाला, तर ते आधी स्वतः करण्याची तयारी माझ्यात हवी.