बडोद्यातील अकरा दिवस

सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण राहण्यास जागा मिळेना. हिंदू हॉटेलांत अस्पृश्याला थारा नव्हता. अखेर पारशी नाव धारण करून, दीड रुपया रोजाने, ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अडगळीने भरलेल्या त्या निर्जन दालनात कंदिलापाशी ते वाचीत बसत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. वय अवघे सव्वीस! मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते कमाठी बागेत बसून राहिले. शिरोली एमआयडीसीत खोली पाहणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आजही आधी आडनाव विचारले जाते. म्हणून हा प्रसंग आम्ही येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.