सर फिरोजशहा मेहता आणि १९०१ सालचा सभात्याग

ज्यांस लोक मुंबईचा सिंह म्हणत, त्या सर फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. १८६८ मध्ये ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. त्यांनी मुंबई नगरपालिकेत केलेली कामगिरी आणि १८९० सालचे काँग्रेसचे अध्यक्षपद यांविषयी विद्यार्थ्यांनी अन्यत्र वाचलेच असेल. आम्ही येथे एकच प्रसंग घेतो. कारण त्याचा संबंध शेतकऱ्याच्या जमिनीशी आहे.

१९०१ च्या ऑगस्टात मुंबई कायदे कौन्सिलापुढे जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल होते. मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीस देताना, ती विकता किंवा गहाण टाकता येऊ नये अशी अट घालण्याचा अधिकार सरकारास मिळावयाचा होता. रयतेस सावकारापासून वाचवावे, हा हेतू सरकारने सांगितला. रयत मालकाची केवळ कूळ होईल आणि तिची पत बुडेल, असे मेहतांच्या पक्षाचे म्हणणे. बिल लांबणीवर टाकून लोकमत घ्यावे, ही त्यांची मागणी सरकारी बहुमतापुढे टिकली नाही. तेव्हा ते सभागृह सोडून निघाले. गोपाळ कृष्ण गोखले आदी सभासदही बाहेर पडले. बिल अर्थातच मंजूर झाले.

पुढे वर्तमानपत्रांची पाळी आली. गोऱ्यांच्या पत्रांनी या कृत्यास बेजबाबदार ठरविले, तर देशी पत्रांनी तेच धैर्य म्हणून गौरविले. एकच पत्र वाचणाऱ्यास कौन्सिलात काय घडले हे कळले असेल काय, याची आम्हांस शंका वाटते. सावकारी जाचामुळे १८७५ मध्ये सुप्यास दंगे झाले होते, हे खरेच होते. आणि सारावसुलीतही सक्ती होती, हेही तितकेच खरे. ज्याच्या जमिनीचा प्रश्न, तो कुणबी मात्र ना कौन्सिलात होता, ना संपादकाच्या खुर्चीवर. (परभणी त्या वेळी निजामच्या राज्यात असल्याने हा कायदा आपल्याकडे लागू नव्हता, सावकार मात्र आपल्याकडेही होताच.)

टाइम्स ऑफ इंडियाचा एकतर्फीपणा मेहतांस फार सलत असे. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी बाँबे क्रॉनिकल हे पत्र काढविले व बी. जी. हॉर्निमन या इंग्रज गृहस्थास संपादक नेमले. तेही एका पक्षाचेच पत्र होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आता मुंबईच्या वाचकास सकाळी दोन बाजू ताडून पाहता येऊ लागल्या.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मेहता निवर्तले. पुढे १९१९ मध्ये सरकारने हॉर्निमन यांस हद्दपार केले. तरी क्रॉनिकल चालूच राहिले.