सिग्नलमागचा मेकॅनिक : गॅरेट मॉर्गन

चौकातला सिग्नल बंद पडला की दोन मिनिटांत काय गोंधळ उडतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण सिग्नल चालू असतानाही एक धोक्याचा क्षण असतोच. एका बाजूचा रस्ता बंद होऊन दुसऱ्या बाजूचा सुरू होतो, तेव्हा मधोमध अडकलेल्या गाडीचं काय? या प्रश्नावर डोकं चालवणाऱ्यांपैकी एक होता गॅरेट मॉर्गन. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री तर नव्हतीच, शाळाही सहावीच्या आसपासच सुटलेली!

मॉर्गनचा जन्म ४ मार्च १८७७ चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. पोटापाण्यासाठी तो किशोरवयातच घराबाहेर पडला आणि १८९५ मध्ये क्लीव्हलंडला आला. तिथे कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करता करता तो यंत्रं शिकला. मशीन का अडलं, कुठला भाग झिजला, पट्टा का सटकतो, हे हाताने तपासणं हेच त्याचं कॉलेज. १९०७ मध्ये त्याने स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं.

१९१४ मध्ये त्याला धुरापासून वाचवणाऱ्या टोपीचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. आगीत धूर वर साचतो आणि जमिनीलगत हवा त्यामानाने बरी असते, म्हणून श्वासाची नळी खालपर्यंत सोडायची. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखाली पाण्याचा बोगदा खोदताना गॅसचा स्फोट झाला. आत गेलेले बचाववालेही परत येईनात. तेव्हा मॉर्गनला बोलावणं गेलं. तो आणि त्याचा भाऊ फ्रँक ती टोपी घालून आत उतरले आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. स्वतःचं यंत्र स्वतःवरच तपासण्याची ही केवढी परीक्षा! पण शौर्याची मोठी पदकं इतरांना मिळाली, या काळ्या माणसाला वगळलं गेलं. टोपीचा संशोधक काळा आहे हे कळल्यावर काही ठिकाणची गिऱ्हाइकंही तुटली.

मॉर्गन तरीही थांबला नाही. मोटार आणि घोडागाडीची टक्कर पाहून त्याला सिग्नल सुचला असं सांगतात. २० नोव्हेंबर १९२३ रोजी त्याला पेटंट मिळालं. टी आकाराचा खांब, त्याला हलणारे हात आणि फिरवायला हँडल. ‘थांबा’ आणि ‘जा’ याखेरीज त्यात तिसरी स्थिती होती : सगळ्याच बाजू बंद. तेवढ्या वेळात चौक रिकामा होई आणि पायी चालणारे पार होत. रात्री माणूस नसेल तर हात अर्ध्यावर ठेवायचे, म्हणजे जपून जा. बनवायला सोपा आणि स्वस्त हवा, हेही त्याने पेटंटमध्ये नोंदवलं. हे हक्क पुढे जनरल इलेक्ट्रिकने घेतले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पहिला ट्रॅफिक सिग्नल मॉर्गनचा नव्हे. लंडनमध्ये १८६८ मध्येच गॅसचा सिग्नल लागला होता आणि गॅसगळतीने त्याचा स्फोटही झाला. क्लीव्हलंडमध्ये १९१४ मध्ये विजेचा आला, डेट्रॉइटमध्ये १९२० मध्ये तीन रंगांचा. पण पहिला नसला म्हणून मॉर्गनचं महत्त्व कमी होत नाही.

कारण त्याचा विचार आजही कंट्रोलरच्या पेटीत जिवंत आहे. दोन हिरव्यांच्या मध्ये काही सेकंद सगळीकडे लाल ठेवतात. अनेक चौकांत रात्री पिवळा लुकलुकत राहतो. आणि चांगल्या कंट्रोलरमध्ये एक राखणदार सर्किट असतं. समोरासमोर भिडणाऱ्या दोन दिशांना एकदम हिरवा जातोय असं दिसलं की ते नेहमीचं चक्र तोडून सगळे दिवे लुकलुकते करतं. दुरुस्तीला गेलेल्याने नुसतं रीसेट करून निघून जायचं नसतं. वायर कुठे टेकली, पाणी कुठे शिरलं, हे शोधल्याशिवाय सिग्नल पुन्हा सोडायचा नसतो.

१९४३ पासून काचबिंदूने मॉर्गनची नजर जात राहिली. २७ जुलै १९६३ रोजी तो गेला. ज्या पाण्याच्या बोगद्याने त्याला नाव दिलं नाही, त्याच शहराने पुढे आपल्या एका जलशुद्धीकरण केंद्राला त्याचं नाव दिलं.

मित्रांनो, मशीन बिघडणारच. पण बिघडलं तरी माणूस वाचला पाहिजे, हा विचार डिझाइनमध्ये आधीच घालणं हे इंजिनिअरचं काम. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला ते कळलं होतं!