राज्यकर्त्यांच्या संगतींत प्रार्थना : विल्यम विल्बरफोर्स यांचें चरित्र

मंडळीच्या उपासनेस एखादा राजकीय पुढारी येऊन बसला म्हणजे आपल्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत दोन विचार येतात. एक असा कीं, आतां आपल्या वस्तीचें कांहीं काम होईल. रस्ता होईल, नळ येईल, शाळेस छप्पर मिळेल. दुसरा असा कीं, हा मनुष्य देवाकरितां आला नसून मतांकरितां आला आहे, त्याच्या प्रार्थनेशीं आपणांस काय करावयाचें? राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करावी असें पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत शिकविलें आहे, आणि आपण दर रविवारीं ती करितोंहि. परंतु राज्यकर्त्यांच्या बरोबर गुडघे टेकणें ही गोष्ट निराळी आहे. तींत लाभ किती, मोह किती, आणि तिचें फळ कसें ओळखावें, हें समजण्यास विल्यम विल्बरफोर्स यांचें चरित्र फार उपयोगी आहे.

इंग्लंडांतील हल् बंदरीं एका धनवान व्यापाऱ्याच्या घरीं ता. २४ ऑगस्ट १७५९ रोजीं त्यांचा जन्म झाला. ते अंगानें लहानखुरे व अशक्त होते, आणि त्यांची दृष्टीहि मंद होती. १७६८ सालीं वडील वारल्यावर त्यांस विंबल्डन येथें चुलत्याकडे ठेवण्यांत आलें. चुलती मेथडिस्ट लोकांच्या शिकवणीनें वागणारी भाविक बाई होती. तिच्या घरीं या मुलानें जॉन न्यूटन यांचें बोलणें ऐकलें. हे न्यूटन पूर्वीं गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते व पुढें पश्चात्ताप पावून पाळक झाले होते. मुलगा धर्मवेडा होईल या भीतीनें आईनें त्यास परत हल् येथें नेलें आणि नाटकें, नाच व मेजवान्या यांत त्याचें मन गुंतविलें. पेरलेलें बीं कांहीं काळ मातींत दडून राहिलें.

केंब्रिजचें शिक्षण संपवून १७८० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते हल् शहरातर्फे पार्लमेंटाचे सभासद झाले. या निवडणुकींत त्यांचे आठ हजार पौंडांहून अधिक खर्च झाले. मतदारांस पैसे व जेवणावळी देण्याची त्या काळीं रीतच होती, आणि विल्बरफोर्स यांनींहि ती पाळली. त्यांचा आवाज गोड, बोलणें विनोदी व स्वभाव मोकळा असल्यामुळें लंडनच्या मोठमोठ्या मंडळींत त्यांस आदरानें बोलाविलें जाई. विल्यम पिट् हे त्यांचे जिवलग मित्र होते. ते १७८३ च्या डिसेंबरांत, केवळ चोवीस वर्षांचे असतां, मुख्य प्रधान झाले. पुढच्याच वर्षीं विल्बरफोर्स हे यॉर्कशायर या मोठ्या परगण्याचे प्रतिनिधि निवडून आले. जगाच्या दृष्टीनें आतां कशाचीहि उणीव उरली नव्हती.

याच सुमारास यूरोपांत प्रवास करीत असतां आयझाक मिल्नर नांवाच्या विद्वान मित्राबरोबर त्यांनीं डॉड्रिज यांचें एक धर्मपर पुस्तक वाचलें, व नंतर ग्रीक भाषेंतील नवा करार वाचण्यास आरंभ केला. आपलें आयुष्य जुगार, गाणींबजावणीं व वाहवा यांत वायां जात आहे असें त्यांस दिसूं लागलें. १७८५ च्या डिसेंबरांत ते गुप्तपणें लंडनांत न्यूटन यांच्या घरीं गेले. दार ठोठावण्याचा धीर होईना, म्हणून त्या चौकास दोन फेऱ्या घातल्या आणि मग आंत गेले. मुख्य प्रधानाचा मित्र एका म्हाताऱ्या पाळकाकडे आत्म्याच्या काळजीनें जातो, हें लोकांस कळलें तर थट्टा होईल, हें भय त्यांस होतें.

राजकारण सोडून धर्मसेवेस लागावें असा त्यांचा विचार होता. न्यूटन यांनीं तो मानला नाहीं. पार्लमेंट सोडूं नये, देवानें त्यांस राष्ट्राच्या कल्याणाकरितांच तेथें ठेविलें असेल, असा सल्ला त्यांनीं दिला. वाचकहो, ज्यानें स्वतः गुलामांच्या बेड्या पाहिल्या होत्या त्याच्याच तोंडून हा सल्ला निघाला. एक म्हातारा पाळक व एक तरुण राजकारणी यांच्या त्या भेटीचें फळ पुढें लाखों माणसांस मिळालें.

लंडनच्या दक्षिणेस क्लॅपहॅम नांवाचें गांव होतें; आतां तें शहरांतच मिसळून गेलें आहे. तेथें हेन्री थॉर्नटन नांवाचे पेढीवाले राहत. तेहि पार्लमेंटाचे सभासद होते. त्यांच्या घराभोंवतीं हळूहळू एक मित्रमंडळ जमलें. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीचे चार्लस ग्रँट होते, हिंदुस्थानाचे माजी गव्हर्नर-जनरल लॉर्ड टेनमथ होते, कायदेपंडित जेम्स स्टीफन होते, आणि तरुणपणीं जमेका बेटांतील मळ्यावर नोकरी करून गुलामगिरी डोळ्यांनीं पाहिलेले झॅकरी मॅकॉले होते. जॉन व्हेन हे तेथील पाळक होते. थॉर्नटन यांच्या पुस्तकांच्या खोलींत ही मंडळी एकत्र बसे, पवित्र शास्त्र वाची, प्रार्थना करी, आणि त्याच बैठकींत पार्लमेंटांतील कामाची वांटणी होई. कोणी आंकडे जमवावे, कोणी साक्षीदार शोधावे, कोणी कोणत्या सभासदास भेटावें, हें सर्व तेथें ठरे. त्यांची प्रार्थना व त्यांचें काम यांमध्यें भिंत नव्हती.

या मंडळीचें मोठें काम म्हणजे गुलामांचा व्यापार बंद करणें. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसें पकडून जहाजांत कोंबून वेस्ट इंडीज बेटांत ऊंसाच्या मळ्यांवर विकीत. ब्रूक्स नांवाच्या एका जहाजाचा नकाशा त्या काळीं छापून घरोघर वांटला गेला. नव्या कायद्याप्रमाणें त्यांत ४५४ माणसें नेण्याची परवानगी होती, आणि पूर्वीं एका सफरीस त्यांत ६०९ माणसें कोंबलेलीं होतीं. वाटेंत पुष्कळ मरत व समुद्रांत टाकलीं जात. या व्यापारावर बंदरें, साखर, विमा व पुष्कळ सभासदांच्या कुटुंबांची मिळकत अवलंबून होती. थॉमस क्लार्कसन यांनीं गांवोगांव फिरून पुरावा गोळा केला, आणि ता. १२ मे १७८९ रोजीं विल्बरफोर्स यांनीं पार्लमेंटांत या विषयावर पहिलें मोठें भाषण केलें. त्यांत त्यांनीं दोष केवळ व्यापाऱ्यांवर घातला नाहीं. हा व्यापार चालूं देणारे आपण सर्वच दोषी आहों असें सांगितलें.

१७९१ सालीं त्यांच्या बाजूस ८८ व विरुद्ध १६३ मतें पडलीं. त्याच वर्षीं मरणापूर्वीं थोडेच दिवस वृद्ध जॉन वेस्ली यांनीं पत्र लिहून त्यांस धीर दिला. १७९२ सालीं लोकांचे ५१९ अर्ज पार्लमेंटाकडे आले, तेव्हां विरोधकांनीं व्यापार हळूहळू बंद करूं असा शब्द घालून ठराव निकामी केला. १७९६ सालीं ७० विरुद्ध ७४, म्हणजे केवळ चार मतांनीं काम फसलें, आणि त्या रात्रीं त्यांचे कांहीं पाठीराखे संगीत नाटक पाहावयास गेले होते! या धक्क्यानें विल्बरफोर्स आजारी पडले. तरी पुढें त्यांनीं पुन्हां ठराव मांडला, आणि पुन्हां मांडला.

आतां त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पिट् हे त्यांचे परम मित्र, तरी मित्र सत्तेवर आहे म्हणून विल्बरफोर्स गप्प बसले नाहींत. १७९४ च्या अखेरीस फ्रान्साशीं चाललेल्या युद्धांत तहाचा प्रयत्न करावा असें त्यांनीं मित्राच्या सरकाराविरुद्ध उघड मांडलें. त्यामुळें पिट् यांस फार दुःख झालें, आणि राजानेंहि विल्बरफोर्स यांच्याकडे पाठ फिरविली. १८०५ सालीं पिट् यांचे सहकारी लॉर्ड मेल्व्हिल यांच्या खात्यांतील पैशाच्या गैरव्यवहाराचा प्रश्न निघाला. विल्बरफोर्स बोलण्यास उठले तेव्हां पिट् त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. तरी त्यांनीं मेल्व्हिल यांच्या विरुद्ध मत दिलें. मतें दोन्हीकडे २१६ पडलीं, अध्यक्षांच्या मतानें मेल्व्हिल दोषी ठरले, आणि मुख्य प्रधानांच्या डोळ्यांस अश्रु आले. जो राज्यकर्त्याबरोबर बसतो पण त्याच्या चुकीपुढें उभा राहूं शकत नाहीं, तो त्याचा मित्र नव्हे, आश्रित होय. विल्बरफोर्स आश्रित झाले नाहींत.

१८०६ सालीं जेम्स स्टीफन यांनीं एक युक्ति काढली. परकी मुलखांस गुलाम पुरविण्यास इंग्रज प्रजेस मनाई करावी, असा कायदा युद्धाचें कारण दाखवून मांडण्यांत आला. विरोधकांच्या ध्यानांत येण्यापूर्वीं व्यापाराचा मोठा भाग तुटला. पिट् त्याच वर्षाच्या आरंभीं वारले होते. पुढें ता. २३ फेब्रुवारी १८०७ रोजीं मुख्य बिलावर २८३ विरुद्ध १६ अशीं मतें पडलीं. सभासद उठून उभे राहिले व जयघोष करूं लागले, आणि विल्बरफोर्स डोक्यास हात लावून रडत बसले. अठरा वर्षांचें काम त्या रात्रीं सिद्धीस गेलें. ता. २५ मार्च रोजीं राजाची संमति मिळून कायदा झाला.

या पुरुषाचे उणे भागहि सांगितले पाहिजेत, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. दूरच्या गुलामांसाठीं झटणाऱ्या विल्बरफोर्स यांनीं आपल्याच देशांतील मजुरांच्या संघांवर बंदी घालणाऱ्या कायद्यास पाठिंबा दिला, आणि याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. लग्नापूर्वीं ते उत्पन्नाचा सुमारें चवथा हिस्सा गरिबांस देत. पण गरीब मनुष्य आपला हक्क मागूं लागला म्हणजे त्यांस राज्यक्रांतीचें भय वाटे. दान देणें सोपें, न्याय देणें कठीण, हा धडा त्यांच्या उणिवेंतूनहि आपणांस मिळतो.

आपल्या देशाशींहि त्यांचा निकटचा संबंध आहे. कंपनीच्या मुलखांत मिशनरी व शिक्षक यांस येऊं द्यावें म्हणून त्यांनीं व ग्रँट यांनीं १७९३ सालीं खटपट केली, ती फसली. वीस वर्षांनीं, १८१३ सालीं, कंपनीची सनद पुन्हां पार्लमेंटापुढें आली. या वेळीं शेंकडो गांवच्या मंडळ्यांनीं अर्ज केले, आणि सनदेंत नवें कलम आलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले होते, आणि त्यांस परत पाठविण्याचे हुकूम निघाले होते. ते येथेंच राहिले, व त्यांच्या कामापासून अमेरिकन मराठी मिशन उभें राहिलें. सनदेच्या वादांत विल्बरफोर्स यांनीं हिंदुधर्माविषयीं फार कठोर शब्द वापरले. शेजाऱ्याशीं बोलतांना आपण तो सूर घेण्याचें कांहीं कारण नाहीं.

व्यापार थांबला तरी जे गुलाम होते ते गुलामच राहिले. म्हातारपणीं विल्बरफोर्स यांनीं हें काम फॉवेल बक्स्टन यांच्या हातीं दिलें, व १८२५ सालीं पार्लमेंट सोडलें. १८३३ च्या जुलै महिन्यांत, मृत्यूच्या तीन दिवस आधीं, गुलामगिरी नष्ट करणारें बिल आतां खास मंजूर होणार अशी बातमी त्यांस कळली. ता. २९ जुलै रोजीं ते प्रभूजवळ गेले. वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या मंदिरांत त्यांस पुरण्यांत आलें. त्या कायद्यानें मालकांस दोन कोटि पौंड भरपाई मिळाली, पण गुलामांस कांहींच मिळालें नाहीं. आणि कंपनीचा हिंदुस्थानांतील मुलूख त्यांतून वगळला होता. येथील गुलामगिरीविरुद्धचा कायदा १८४३ सालीं झाला.

या कामाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रांतहि पोहोंचली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं कांहीं मुलें मुंबईस आणलीं गेलीं, आणि नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेंत शिकलीं. विल्बरफोर्स हे या सोसायटीच्या आरंभींच्या आधारस्तंभांपैकीं एक होते. शरणपूरच्या विद्यार्थ्यांपैकीं जेकब वेनराइट हे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शोधास गेले, व त्यांचें शव घेऊन इंग्लंडापर्यंत पोहोंचले. १८७४ च्या एप्रिलांत त्याच वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, जेथें विल्बरफोर्स निजले आहेत, गुलामगिरींतून सुटलेला हा नाशिकचा विद्यार्थी लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीबरोबर चालला.

बंधुभगिनींनो, आजहि पुष्कळ देशांत पुढारी प्रार्थनासभांस जातात. अमेरिकेंत १९५३ सालापासून राष्ट्राध्यक्ष दर वर्षीं अशा सभेस बसत आले आहेत. आपल्या मंडळींतहि सरपंच येतील, आमदार येतील. त्यांस मानानें बसवावें व त्यांच्यासाठीं मनापासून प्रार्थना करावी. परंतु त्यांच्या येण्यानें मंडळी मोठी झाली असें समजूं नये, आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या कृपेच्या बदल्यांत आपली जीभ गहाण ठेवूं नये. ग्रामपंचायतींत निवडून येणाऱ्या ख्रिस्ती बंधूस आपण बाटला, जगांत गेला, असें म्हणूं नये. न्यूटन यांच्याप्रमाणें त्यास तेथेंच राहण्यास धीर द्यावा, व घरीं बोलावून त्याच्याबरोबर गुडघे टेकावे. आमेन म्हटल्यावर तो गांवांतील सर्वांत दुबळ्या मनुष्यासाठीं उठतो कीं नाहीं, हें मग मंडळीनें पाहावें. आणि तो एकटा पडला तर अठरा वर्षें लागलीं तरी त्याची साथ सोडूं नये.