गानहिरा हिराबाई

दक्षिण महाराष्ट्रातील मिरज हे गाव तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वाळलेल्या मोठ्या भोपळ्यांना लाकडी दांडी जोडून तेथील कारागीर तंबोरे घडवितात, आणि देशातील नामवंत गवई ते आवडीने घेऊन जातात. या गावी १९०५ सालच्या मे महिन्यात एका गवयाच्या घरी एक मुलगी जन्मास आली. घरी तिला चंपाकली म्हणत. पुढे महाराष्ट्र तिला हिराबाई बडोदेकर या नावाने ओळखू लागला.

तिचे वडील अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे थोर गायक होते. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात होते. तेथील सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांचे आणि त्यांचे मन जुळले व दोघांनी बडोदे कायमचे सोडले. धर्म निराळा, घरची परिस्थिती निराळी. त्या काळी अशा विवाहाला केवढे धैर्य लागले असेल! ही मंडळी पुढे पुण्यास आली आणि तेथे १९१३ साली खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले. घरात पाच मुले होती व ती सुरांच्या सहवासातच वाढत होती. परंतु काही वर्षांनी आईवडिलांचे पटेनासे झाले. मुलांना घेऊन ताराबाई वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांना आपले माने हे आडनाव दिले आणि नावेही बदलली. थोरला अब्दुल रहमान सुरेशबाबू झाला, चंपाकली हिराबाई झाली. तिच्या पाठच्या भावंडांनाही कमला, कृष्णराव आणि सरस्वती अशी नवी नावे मिळाली. हिराबाईंच्या नावापुढे मात्र बडोदेकर हे आईच्या गावाची आठवण देणारे आडनाव रूढ झाले.

ज्यांच्या घरी विद्या चालत आलेली असते, त्यांना ती आयती मिळते असे आपण समजतो. हिराबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. वडिलांची तालीम त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. त्यांचे पहिले गुरू म्हणजे थोरले बंधू सुरेशबाबू. त्यानंतर किराणा घराण्याचेच दुसरे मोठे गायक अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. या खाँसाहेबांना कमी ऐकू येत असे, पण सुराच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नसे. रागाचा एकेक सूर सावकाश उलगडावयाचा आणि तो पुरा झाल्याखेरीज पुढच्या सुरास हात घालावयाचा नाही, अशी त्यांची पद्धत होती. मितभाषी, भिडस्त स्वभावाच्या या शिष्येला ती मानवली. पुढे तिच्या गाण्यातही तीच स्वस्थता उतरली.

तो काळ स्त्रीने चारचौघांत गाण्याचा नव्हता. गाणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांत मोठ्या विदुषीही होत्या. परंतु त्यांचे गाणे संस्थानिकांच्या व धनिकांच्या खासगी बैठकांत होई. कुलीन घरातील बायकांनी तेथे पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक होता. गाण्याला प्रतिष्ठा होती, पण गाणारणीला ती नव्हती. हा समाजाचा दुटप्पीपणाच म्हटला पाहिजे.

अशा वेळी १९२१ साली मुंबईस गांधर्व महाविद्यालयात, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पुढाकाराने भरलेल्या जलशात, सोळा वर्षांच्या हिराबाई गावयास बसल्या. समोर जाणकारांचा मेळा होता. त्या दिवसापासून त्यांचे नाव झाले. थोड्याच वर्षांनी त्यांनी तिकिटे लावून आपल्या गाण्याचे जाहीर कार्यक्रम केले. स्त्रीने असा कार्यक्रम करण्याचे धाडस महाराष्ट्रात पहिल्यांदा केले ते त्यांनीच. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते, परंतु तिच्यामुळे केवढा फरक पडला! पैसे देऊन तिकीट घेणारा कोणीही मनुष्य आता समोर बसू शकत होता, आणि त्याच्यासोबत त्याची आई, बहीण, पत्नीही येऊ शकत होती. हिराबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन दोन तंबोऱ्यांच्या मध्ये शांत बसत. हातवारे नाहीत, श्रोत्यांकडे पाहून उगाच हसणे नाही. संकोची स्वभावामुळे जे त्यांना सहज जमले, तेच पुढे गाणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीची रीत होऊन बसले.

या मितभाषी बाईंनी पुढे नाटक मंडळी काढावी, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा म्हणून ही मंडळी १९२९ च्या सुमारास उभी राहिली. मराठी संगीत रंगभूमीवर तेव्हा स्त्रियांची कामे पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या भूमिकांनी तर महाराष्ट्राला वेड लावले होते. केवळ स्त्रियांच्या अशा काही मंडळ्या होत्या. पण स्त्रिया आणि पुरुष एकाच रंगमंचावर बरोबरीने काम करीत आहेत, हे दृश्य विरळा होते. हिराबाईंच्या मंडळीत ते दिसू लागले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्रात त्या स्वतः सुभद्रा होत. कमलाबाई आणि सरस्वतीबाई या बहिणीही मंडळीत होत्या.

नाटक मंडळी चालविणे म्हणजे गाव चालविण्यासारखेच होते. नट, पेटीवाले, तबलजी, पडदे रंगविणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी अशा पुष्कळ माणसांचे पोट मालकावर अवलंबून असे. गाव बदलले की सामान रेल्वेने हलवावयाचे. पावसाळ्यात खेळ कमी झाले तरी पगार थांबत नसे. बैठकीत गावयाचे म्हटले तर गवयाने स्वतःचा सूर सांभाळला की पुरे. येथे मात्र सगळ्यांचा संसार सांभाळावयाचा होता. हिराबाईंनी तो भार उचलला.

परंतु काळ अनुकूल नव्हता. १९३१ साली आलम आरा हा पहिला हिंदी बोलपट आला आणि पुढच्याच वर्षी मराठीत अयोध्येचा राजा निघाला. थोड्या आण्यांत गाणी, नाच आणि गोष्ट असे सारे पडद्यावर दिसू लागले. प्रेक्षक तिकडे वळला व एकामागून एक नाटक मंडळ्या खचल्या. हिराबाईंची मंडळीही थोड्याच वर्षांत बंद करावी लागली. मागे राहिले ते मोठे कर्ज.

धंदा बुडाला म्हणजे देणेही बुडाले, असे मानणारे लोक जगात पुष्कळ असतात. हिराबाई मात्र पुन्हा तंबोऱ्यांच्या मध्ये जाऊन बसल्या. गावोगाव बैठकी करून मिळालेल्या पैशातून त्यांनी ते कर्ज फेडले. काही बोलपटांतही त्यांनी भूमिका केल्या, पण त्यांचा जीव खऱ्या अर्थाने रमला तो गाण्यातच. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. सावकाश गाणाऱ्या कलावंताला ही मोठीच अडचण होय. तरीही त्यांची पटदीप रागाची तबकडी घरोघर पोचली. त्यांची भजने आणि नाट्यपदेही लोकांच्या ओठी बसली.

नाटक मंडळी मोडली तरी तिच्यातली भावंडे गाण्यापासून दूर गेली नाहीत. सुरेशबाबूंनी शिष्य तयार केले. १९५३ साली ते निवर्तले. त्यांच्याकडे शिकत असलेल्या प्रभा अत्रे यांना पुढे हिराबाईंनी विद्या दिली. धाकट्या बहिणीला, सरस्वतीबाई राणे यांना, बरोबर घेऊन हिराबाई जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याचा हा प्रकार तेव्हा नवा होता. मोठ्या बहिणीने सूर सोडावा आणि तो खाली पडण्यापूर्वी धाकटीने झेलावा, असा तो खेळ असे. थोरलेपणाचा तोरा त्यात नसे.

संगीत नाटक अकादमीने १९६५ साली त्यांचा गौरव केला आणि १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. लोकांनी त्यांस गानहिरा ही पदवी आधीच देऊन टाकली होती. वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, हिराबाईंचे निधन झाले.