जी. ए. हेन्टी : रणभूमी आणि कुमारवाङ्मय

कुमारांसाठी लढायांच्या इतिहासकथा लिहिणाऱ्या इंग्रजी लेखकांत जॉर्ज आल्फ्रेड हेन्टी (१८३२–१९०२) याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. युद्ध त्याला केवळ ग्रंथांतून कळले होते असे नाही. केंब्रिजचे शिक्षण अपुरे सोडून तो क्रिमियन युद्धात रुग्णालयांच्या पुरवठा-विभागात दाखल झाला. सोबत गेलेला भाऊ फ्रेडरिक १८५५ मध्ये स्कुटारी येथे पटकीने वारला. पुढे ‘स्टँडर्ड’ पत्राचा वार्ताहर म्हणून त्याने इटली, अ‍ॅबिसिनिया, अशांती येथील मोहिमा पाहिल्या. पत्नीच्या निधनानंतर मुलांना सांगितलेल्या गोष्टींतून त्याचे कथालेखन उगम पावले व शंभरांवर पुस्तके झाली. लढाईचा तपशील संदर्भग्रंथांतून घ्यायचा आणि त्यात एक काल्पनिक इंग्रज मुलगा सोडायचा, ही त्याची ठरलेली रीत.

मराठीच्या अभ्यासकाने थांबावे ते मराठे-इंग्रज युद्धावरील ‘अ‍ॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट’ या पुस्तकापाशी. पोरका हॅरी लिंडसे मराठी दाईजवळ मराठा म्हणून वाढतो. लेखकाची ही कल्पना विलक्षणच म्हटली पाहिजे. परंतु दाईने दिलेली भाषा अखेर कंपनीच्याच कामी येते, आणि यातील विसंगती हेन्टीला जाणवलेली दिसत नाही. असईच्या लढाईत (१८०३) वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. कुमारकथेत मात्र विजयच उरतो.

हे पुस्तक निघाल्यावर थोड्याच काळात, १६ नोव्हेंबर १९०२ रोजी, वेमथ बंदरात स्वतःच्या शिडाच्या नौकेवर हेन्टीचे निधन झाले.